चिंधी, ताव आणि बुरणूस

संक्रांत जवळ आली की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात हलव्याचे दागिने दिसू लागतात. बोरन्हाणाचा एखादा मुकुट उचला आणि उलटा करून बघा. आमच्या लहानपणी मागे पुठ्ठा असायचा, लग्नपत्रिकेचा किंवा साडीच्या खोक्याचा. आता बरेचदा तिथे फेल्टचा, म्हणजे न विणता तंतू गुंतवून केलेल्या जाडसर कापडाचा, तुकडा चिकटवलेला असतो. पुढची बाजू मात्र तशीच: हलव्याच्या काट्यांमध्ये दोरा अडकवून एकेका दाण्याला मारलेली गाठ, कडेला जर. दाण्याला भोक पाडता येत नाही, तो फुटतो. म्हणून काटा चांगला फुललेला हलवाच दागिन्यांना लागतो, हे ज्या बायका वर्षानुवर्षं हे काम करतात त्या पहिल्यांदा सांगतात.

हाताने केलेल्या भेटवस्तू आणि सजावट हे हल्लीचं खूळ आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते पटत नाही. कागद, कापड आणि फेल्ट हे तीन जिन्नस आपल्याकडे वेगवेगळ्या वाटांनी आले, पण तिघांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: घरात किंवा कामात जे उरलं, त्यात.

कागदापासून सुरुवात करू. दुकानात आपण 'घोटीव कागद द्या' म्हणतो, तेव्हा एका जुन्या धंद्याची भाषा बोलत असतो. महाराष्ट्रात जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद तयार होत असे. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुराही त्याच कारागिरांच्या वस्तीवरून नाव घेऊन बसला आहे. जुने दोर, गोणपाट, चिंध्या, रद्दी भिजवून, कुटून त्याचा लगदा करायचा, चौकटीवर ताव उचलायचा, वाळवायचा. मग त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घासून घासून चकाकी आणायची. हे घासणं म्हणजे घोटणं. बोरू अडखळू नये आणि शाई फुटू नये यासाठी ती मेहनत असे. आज शाळेच्या पिशवीतल्या लाल-हिरव्या चकचकीत कागदाला कोणी दगड लावत नाही, पण नाव टिकलं.

गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीत त्याला पुन्हा बळ मिळालं, आणि १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची संस्था उभी राहिली. तिथला कागद होजिअरीच्या सुती कातरणीतून होतो. भेटकार्डं, पाकिटं, कागदी पिशव्या यांसाठी तो जाडसर, खरबरीत ताव आपण हौसेने घेतो. तो मुळात बनियनच्या कापडाचे उरलेले तुकडे असतो.

कागद कापायला आणि दुमडायला आपल्याला शिकवलं ते शाळेने, आणि त्या धड्याची एक वाट थेट जुन्या ठाणे जिल्ह्यातून जाते. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली. तिथूनच पुढे 'किंडरगार्टन' हे नाव जगभर गेलं. कागद दुमडणं, कापणं, पट्ट्यांची चटई विणणं ही त्या शाळेतली रोजची कामं होती. दोन रंगांच्या पट्ट्या वर-खाली घालून केलेली चटई आपण सगळ्यांनी विणली आहे. ती इतकी दुरून आली आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला, बालशिक्षणाचं काम उभं केलं. ही दोन्ही गावं तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. विकतची महाग साधनं वाडीवस्तीवर परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, पानं, शिंपले, माती, कागदाचे आणि कापडाचे तुकडे यांतूनच मुलांची खेळणी आणि शिकण्याची साधनं केली. अंगणवाडी आपण आज सरकारी योजना म्हणून ओळखतो, पण मुलांच्या अंगणात जाऊन शिकवण्याचा तो विचार इथला आहे. ठाण्यात राहून मला याचा अभिमान वाटतो, आणि याची आठवण फार कमी निघते याचं वाईटही वाटतं.

त्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि शाळेच्या वेळापत्रकात या कामाला तास मिळाला. पुष्पगुच्छ, तोरण, राखी, भेटकार्ड हे तिथलं. फोमची, मधे टिकल्या लावलेली मनगटाएवढी राखी ज्यांनी केली असेल, त्यांना त्या तासातल्या डिंकाचा वाससुद्धा आठवेल.

दिवाळीचा कंदील शाळेत नाही, घरीच शिकायचा. आमच्या नौपाड्याच्या चाळीत तो गॅलरीत व्हायचा. बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधायच्या, आई मैद्याची खळ शिजवायची आणि झुरळं लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. खळीच्या पातेल्याला हात लावायचा नाही, ही ताकीद त्यासोबतच. पतंगाचा कागद लावताना तो थोडा सैल राहिला तरी चालतो. खळ वाळली की आपोआप ताणून बसतो. झिरमिळ्यांसाठी कागदाची लांब घडी घालून कात्रीने बारीक पट्ट्या कापायच्या, पण वरची दोन बोटं कागद सोडून. ती दोन बोटं कापली गेली की सगळी झिरमिळी हातात सुटी येते. माझ्या हातून ती दरवर्षी एकदा तरी जायची आणि आई तेच तुकडे कंदिलाच्या कागदी करंज्यांवर नक्षी म्हणून चिकटवायची.

कापडाची गोष्ट आणखी घरातली आहे. ठाणं तर कापडाचं जुनं बंदर. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने इथल्या व्यापारात चामड्यासोबत सुती कापडाची नोंद केली आहे. पण भेटवस्तूंचं कापड बंदरावरून आलं नाही, ते ट्रंकेतून निघालं. विटलेलं लुगडं मऊ होतं, म्हणून त्याचं दुपटं आणि गोधडी. खणाचा उरलेला तुकडा कुंचीला, टोपऱ्याला, बटव्याला. बाळंतविड्यात हे सगळं हाताने शिवलेलं असायचं आणि ते कोणी केलं हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. गोधडीच्या कडेला बसवलेले त्रिकोण आणि कोपऱ्यातलं फूल यांचा उबेशी काही संबंध नाही. ती निव्वळ हौस, आणि त्यावरून गोधडी कोणाच्या हातची ते ओळखू यायचं.

रुखवत हे या सगळ्याचं प्रदर्शन. मूळ रुखवत म्हणजे वरपक्षाकडे पाठवायचे खाद्यपदार्थ. पुढे त्यात वस्तू आल्या: मण्यांची तोरणं, क्रोशाचे रुमाल, नारळाची बाहुली, तांदळाची सप्तपदी, काड्यापेटीच्या काड्यांचं घर. मुलीच्या हातात काय कला आहे ते चार लोकांसमोर मांडण्याची ती एकच जागा होती. यात मुलीची परीक्षा होती, हे मला खुपतं. तरी त्या टेबलावरचं काम अव्वल असायचं, हेही खरं.

राहिला फेल्ट. हा नवा वाटतो, पण कदाचित तोच सर्वांत जुना. सायबेरियात अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या थडग्यांत, बर्फात राहिल्यामुळे, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं फेल्टचं काम सापडलं. रंगीत फेल्ट कापून एकावर एक टाचलेलं. आपण आज पानं-फुलं कापून जे करतो, तेच. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात, पुन्हा सुटत नाहीत. माग नको, सूत नको. कातता न येणारी आखूड लोकरही त्यात खपते. काश्मिरात आणि राजस्थानात टोंकला याला नमदा म्हणतात, आणि मराठीत जुना शब्द आहे बुरणूस. शब्द आपल्या तोंडातून गेला, वस्तू इंग्रजी नावाने परत आली.

मात्र दुकानातले ए-फोर आकाराचे रंगीत तुकडे बहुधा लोकरीचे नसतात. पॉलिएस्टरचे तंतू काटेरी सुयांनी हजारो वेळा टोचून ते गुंतवलेले असतात. खात्री करायची तर एक धागा जाळून पाहावा: लोकर केसासारखी वास मारते आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. तरी हा फेल्ट आपल्या घरांत का रुजला हे समजतं. त्याची कड उसवत नाही. कापडाचं पान करायचं तर कड दुमडा, टीप मारा; फेल्टचं पान कात्रीने कापलं की झालं. शिवणयंत्र ठेवायला जागा नसलेल्या घरात, जेवणाच्या टेबलावर, मुलं झोपल्यावर तासाभरात करण्यासारखं हे काम आहे.

गेल्या काही वर्षांत कागद-कापडाकडे लोक पुन्हा वळले त्यामागे कायदाही आहे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली. गणपतीच्या मखरांपुरती सवलत मागणारा अर्ज त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला. त्यानंतर पुठ्ठ्याची घडीची मखरं, कापडी पडदे, कागदी फुलं बाजारात वाढली. नवी मुंबईत बेलापूरला सिडकोने उभारलेल्या अर्बन हाटमध्ये ठिकठिकाणचे कारागीर आपलं काम घेऊन येतात. तिथे शिवलेलं, विणलेलं, रंगवलेलं एकाच फेरीत पाहायला मिळतं.

माझ्या वाणाची तयारी अजून मशीद बंदरच्या फेरीने सुरू होते: अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद आणि पुठ्ठा, मंगलदास मार्केटमध्ये खणाचे तुकडे. यंदा बटवे करायचे ठरवले आहेत. बाहेरून खण, आतून आईच्या विटलेल्या सुती साडीचं अस्तर, आणि बंदाच्या टोकाला फेल्टची दोन बोरं. साडीतून बारा बटव्यांची अस्तरं निघाली. काठ तेवढा मी बाजूला ठेवला आहे.