कॅल्शियमच्या ओढीचं आम्ल

२७ सप्टेंबर २०१२ रोजी दक्षिण कोरियातल्या गुमी शहराजवळ एका रासायनिक कारखान्यात टँकरमधून हायड्रोजन फ्लोराइड उतरवायचं काम चाललं होतं. होज जोडताना व्हॉल्व्ह उघडला गेला आणि सुमारे आठ टन रसायन हवेत गेलं. टँकरवरच्या कामगारांच्या अंगावर या कामाचा संरक्षक पोशाख नव्हता. पाच जणांचा जीव गेला. शेजारच्या गावांतल्या लोकांना हलवलं, पण दुसऱ्याच दिवशी घरी परतू दिलं. मग शिवारातली पिकं वाळू लागली, पानं करपली, गुरं आजारी पडली आणि हजारो माणसांना उपचार घ्यावे लागले. ८ ऑक्टोबरला सरकारने तो सगळा भाग विशेष आपत्तीग्रस्त म्हणून जाहीर केला.

असं रसायन मुळात बनवायचंच कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर आपल्या हातातल्या फोनपासून सुरू होतं. चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवरचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर नेमका हवा तिथूनच काढावा लागतो आणि हे काम हायड्रोफ्लोरिक ॲसिड, म्हणजे याच रसायनाचं पाण्यातलं अतिशुद्ध द्रावण, करतं. जुलै २०१९मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या ज्या तीन पदार्थांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, त्यांत हे एक होतं; तेवढ्यावर तिथल्या चिप उद्योगाचे धाबे दणाणले. फ्रिज आणि एसीतले वायू, तव्यावरचं टेफ्लॉन, लिथियम बॅटरीतला क्षार, ॲल्युमिनियमच्या भट्टीत लागणारं ॲल्युमिनियम फ्लोराइड, अणुइंधनासाठीचं युरेनियम हेक्साफ्लोराइड, कितीतरी औषधं आणि कीटकनाशकं यांतला फ्लोरिन बहुतांशी याच वाटेने येतो. स्टेनलेस स्टीलवरचा ऑक्साइडचा थर घालवायला नायट्रिक ॲसिडसोबत हेच वापरतात.

तयार होतं ते फ्लोरस्पार या खनिजापासून, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडपासून. भारतात गुजरातमधल्या आंबाडोंगरला त्याचा मोठा साठा आहे, आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातही ते सापडतं. मात्र आम्लासाठी लागणाऱ्या प्रतीचं बहुतेक फ्लोरस्पार आपण आयात करतो. या प्रतीत किमान ९७ टक्के कॅल्शियम फ्लोराइड असावं लागतं. त्यातही वाळू, म्हणजे सिलिका, जितकी कमी तितकं बरं, कारण तयार होणारं आम्ल लगेच सिलिकावर तुटून पडतं आणि सिलिकॉन टेट्राफ्लोराइड होऊन वाया जातं. काच या आम्लापुढे टिकत नाही त्याचंही कारण हेच.

बारीक दळलेलं फ्लोरस्पार आणि संहत सल्फ्युरिक ॲसिड एका लांब, फिरत्या, बाहेरून तापवलेल्या भट्टीत घालतात. दोनशे अंशांच्या वर तापमान ठेवावं लागतं, कारण ही अभिक्रिया उष्णता खाते. कॅल्शियम सल्फेटशी जोडला जातो आणि हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो. तो धुऊन, थंड करून, ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात. एक टन हायड्रोजन फ्लोराइडमागे साधारण सव्वादोन टन फ्लोरस्पार लागतं आणि साडेतीन टनांहून जास्त कॅल्शियम सल्फेट उरतं. त्यातलं काही सिमेंटसाठी जातं. निर्जल हायड्रोजन फ्लोराइडचा उत्कलनबिंदू १९.५ अंश सेल्सिअस. मुंबईच्या हवेत ते उघडं पडलं तर द्रव म्हणून राहणारच नाही. तेच पाण्यात विरघळवलं की हायड्रोफ्लोरिक ॲसिड.

हे आम्ल दुर्बल गटातलं आहे. पातळ द्रावणात त्याच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम आठच आयनांत फुटतात; हायड्रोक्लोरिक ॲसिडचे जवळपास सगळे फुटतात. आणि नेमकी हीच गोष्ट घात करते. न फुटलेला रेणू लहान असतो, त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो त्वचेतून आणि पेशींच्या पटलांतून सहज आत शिरतो. खोल गेल्यावर फ्लोराइड आयन मोकळे होतात आणि समोर दिसेल तो कॅल्शियम धरतात. भट्टीत मोठ्या कष्टाने आपण कॅल्शियम आणि फ्लोरिनची ताटातूट केलेली असते. शरीरात ते पुन्हा एकत्र येतात आणि तिथे जे तयार होतं ते रासायनिकदृष्ट्या पुन्हा कॅल्शियम फ्लोराइडच. फरक एवढाच की यातला कॅल्शियम रक्तातला, स्नायूंतला, हाडांतला असतो. मॅग्नेशियमही त्यासोबत जातं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं, पोटॅशियम वाढलं, की हृदयाची लय बिघडते आणि ते थांबूही शकतं. संहत आम्लाने शरीराचा दोन-तीन टक्के पृष्ठभाग भाजला तरी माणूस दगावल्याच्या नोंदी आहेत.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पातळ आम्लाची. संहत आम्लाने लगेच आग होते, माणूस ओरडतो, मदत मिळते. वीस टक्क्यांहून पातळ द्रावण उडालं तर कधीकधी चोवीस तासांपर्यंत काहीच जाणवत नाही. हात धुऊन माणूस घरी जातो. रात्री बोटं असह्य ठणकू लागतात आणि वर त्वचा फक्त जराशी लालसर दिसते, म्हणून वेदनेवर कोणाचा विश्वास बसत नाही. गंज काढायच्या आणि गाड्यांची चाकं चमकवायच्या काही द्रावणांत हे आम्ल किंवा त्याचाच एक क्षार, अमोनियम बायफ्लोराइड, असतो. तिथे टाकीवर लाल पाटी नसते, सेफ्टी ऑफिसर नसतो.

१९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये एका प्रयोगशाळेत ७० टक्के आम्ल तंत्रज्ञाच्या मांड्यांवर सांडलं. दगड विरघळवून त्यातले प्राचीन परागकण मोकळे करायचं काम तिथे चाले. हातात मोजे होते, पण ॲप्रन नव्हता, आणि या आम्लाच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेलही नव्हतं. त्याने अंगावर पाणी ओतलं, मग तो पोहण्याच्या तलावात उतरला. त्याचा पाय कापावा लागला आणि पंधरा दिवसांनी तो गेला.

ते जेल म्हणजे काही गूढ औषध नव्हे. फ्लोराइडला कॅल्शियमच हवा असेल तर शरीराआधी आपण तो पुरवायचा, एवढंच त्यामागचं रसायनशास्त्र. सांडलेल्या आम्लावर चुना टाकतात तोही याच तर्काने. म्हणून जिथे हे आम्ल आहे तिथे अडीच टक्क्यांचं जेल, मुदत न संपलेलं, हाताच्या अंतरावर असलंच पाहिजे. ते नसेल तर काम सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नेहमीचे पातळ नायट्राइल मोजे पुरत नाहीत, निओप्रीन किंवा ब्युटाइल रबराचे जाड मोजे लागतात. ॲप्रन आणि चेहरा झाकणारी ढाल हवी, सोबतीला दुसरा माणूस हवा, आम्ल पॉलिथिलीनच्या भांड्यात हवं.

आणि उडालंच, तर कपडे ताबडतोब काढून पाच मिनिटं भरपूर वाहत्या पाण्याखाली धुवायचं, मग मोजे घातलेल्या हाताने जेल चोळत राहायचं आणि वेदना नसली तरी दवाखाना गाठायचा. डोळ्यांत जेल घालायचं नाही, तिथे फक्त पाणी. दवाखान्यात नुसतं ‘ॲसिड उडालं’ सांगून भागत नाही. ‘हायड्रोफ्लोरिक’ हा शब्द तिथे पोचायला हवा. तो कळला तरच डॉक्टर हृदयाचा आलेख लावतील, रक्तातलं कॅल्शियम तपासतील आणि गरज पडल्यास शिरेतून कॅल्शियम देतील.