इक्वलायझर प्लगइनची निवड (घरगुती ध्वनिमुद्रण, नागपूर)

इक्वलायझर प्लगइन हे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर बसवायचे साधन आहे. आवाजातला हवा तो कंप्रतेचा पट्टा त्याने उचलता किंवा दाबता येतो. बोलण्यात त्याला ‘इक्यू’ म्हणतात. नागपुरात घरच्या खोलीत भीमगीते, खंजिरी भजने किंवा स्वतःच्या चालींवरची गाणी रेकॉर्ड करणाऱ्याला निवड करताना प्लगइनच्या नावापेक्षा तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात: खोली कशी आहे, लॅपटॉपची ताकद किती आणि माइकसमोर वाद्य कोणते.

आजचे बहुतेक इक्यू पॅरामेट्रिक असतात. कंप्रता, डेसिबलमधली चढउतार आणि पट्ट्याची रुंदी ठरवणारा ‘क्यू’ या तिन्ही गोष्टी त्यात वेगवेगळ्या फिरवता येतात. या पद्धतीवरचा अमेरिकी ध्वनी अभियंता जॉर्ज मॅसेनबर्ग यांचा शोधनिबंध 1972चा आहे. स्वच्छ डिजिटल इक्यूंमध्ये आवाजाचा फरक जवळजवळ नसतो, आणि हे घरीच तपासता येते. एकाच ट्रॅकच्या दोन प्रती करा, दोन्हींवर वेगवेगळे इक्यू लावून वक्र जुळवा आणि एका प्रतीची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करा. दोन्ही एकत्र वाजवल्यावर शांतता पसरली, तर महागडा इक्यू घेऊन आवाजात काहीच मिळणार नाही. मात्र क्यूचे आकडे जुळवून हे होत नाही. प्रत्येक कंपनी क्यू आपल्या पद्धतीने मोजते, म्हणून अॅनालायझरवर (कंप्रतांचा आलेख दाखवणाऱ्या साधनावर) वक्राचा आकारच जुळवावा. 44.1 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या (सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे सॅम्पल) प्रोजेक्टमध्ये 10 किलोहर्ट्झच्या वर थोडा फरक उरू शकतो, कारण काही इक्यूंचा वक्र तिथे आखडतो.

म्हणून सुरुवातीला रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला रीइक्यू किंवा आपल्या सॉफ्टवेअरसोबत आलेला इक्यू पुरतो. त्याच्या जोडीला एक डायनॅमिक इक्यू, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर गेला तरच पट्टा दाबणारा इक्यू, हवा. टीडीआर नोव्हा मोफत आहे आणि या कामाला उत्तम आहे.

डायनॅमिक का, हे खंजिरी भजनात लगेच कळते. गाणारा स्वतःच खंजिरी वाजवत असेल, तर गळा आणि झांजा एकाच माइकमध्ये येतात. शब्द उठावदार व्हावेत म्हणून वरचा पट्टा 3 डेसिबल उचलला की प्रत्येक थापेला झांजा कानात टोचतात. साध्या इक्यूने तो पट्टा दाबला तर गळा मंद पडतो. डायनॅमिक इक्यूत 7 किलोहर्ट्झच्या आसपास एक पट्टा घ्या आणि फक्त थापेच्या क्षणी तो 3-4 डेसिबल खाली जाईल असा थ्रेशोल्ड (दाबणे सुरू होण्याची पातळी) लावा. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर हाच उपाय 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये चालतो.

तबल्याच्या बाबतीत परदेशी ड्रमसाठीचे ठोकताळे घातक ठरतात. 200 ते 400 हर्ट्झमधला ‘चिखल’ काढा, असा सल्ला सर्रास मिळतो. पण काळी एकमध्ये लावलेल्या तबल्याचा षड्ज सुमारे 277 हर्ट्झवर असतो. तिथे खोल काप दिला की चाट उरते आणि सूर जातो. गळ्यावर लो कट (ठरावीक कंप्रतेखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावताना कंप्रता हळूहळू वर न्यावी, आवाज पातळ वाटू लागताच 10-20 हर्ट्झ मागे यावे. पुरुषी आवाजात ही जागा बहुधा 80 ते 100 हर्ट्झ असते. डग्ग्याच्या ट्रॅकला हा कट लावू नये.

फरशी आणि स्लॅबची 10 बाय 12 फुटांची खोली स्वतःच खालचे सूर फुगवते. 10 फुटांच्या अंतरात सुमारे 56 हर्ट्झ घुमतो, 12 फुटांत सुमारे 47. छतही 10 फुटांवर असेल तर 56चा त्रास दुप्पट. खोलीच्या बरोबर मध्यावर बसल्यास तो जवळपास ऐकू येत नाही, भिंतीला टेकल्यास फुगतो. स्पीकरवर ऐकून तिथे इक्यू फिरवला तर खोलीचा दोष गाण्यात उतरतो. आधी खुर्ची हलवावी, मग हेडफोनवर पडताळावे.

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद करावाच लागतो. त्याची घरघर लो कटने कमी होते. पण हवेचा फुसफुसाट सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, तो कुठल्याही इक्यूने निघत नाही. कूलर बंद झाला की लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि आवाज तडतडू लागतो. अशा वेळी इक्यूमधले लिनियर फेज (सगळ्या कंप्रतांना सारखाच विलंब देणारी पद्धत) आणि ओव्हरसॅम्पलिंग (आतून जास्त सॅम्पल रेटवर काम करणे) हे प्रोसेसरवर भार टाकणारे पर्याय बंद ठेवावेत. लिनियर फेज 4096 सॅम्पलचा विलंब घालत असेल, तर 44.1 किलोहर्ट्झवर तो सुमारे 93 मिलिसेकंद होतो. गायकाला स्वतःचा आवाज इतका मागून ऐकू आला तर ताल सुटतो. शिवाय लिनियर फेजने तबल्याच्या थापेच्या आधी हलका फुगवटाही उमटतो. रेकॉर्डिंगला बफर (सॉफ्टवेअर एका वेळी हाताळते तेवढे सॅम्पल) 128, मिक्सिंगला 1024 ठेवावा.

50 हर्ट्झची गुणगुण ऐकू आल्यास आधी चार्जर काढून पाहावा. ती गेली, तर दोष अर्थिंगचा आहे. उरलीच तर 50, 100 आणि 150वर क्यू 20-30 ठेवून बारीक काप द्यावेत.

जुन्या यंत्रांच्या नकला स्वच्छ इक्यूनंतर घ्याव्यात. पुलटेक या जुन्या इक्यू यंत्राच्या धर्तीच्या प्लगइनमध्ये 60 हर्ट्झ एकाच वेळी उचलता आणि दाबता येतो. खालचा भाग भरतो, त्याच्या वर खळगा पडतो, आणि ढोलकीला वजन येऊनही ती गुदमरत नाही. यातल्या अनेक नकला उणे 18 डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळीच्या 18 डेसिबल खाली) सरासरी पातळीवर बेतलेल्या असतात. जास्त आवाज दिला की त्या चिरकतात. तुलना करताना आऊटपुट समान करावे, कारण 1 डेसिबलने मोठा आवाजही ‘चांगला’ वाटतो.

विकत घेण्यापूर्वी फॉर्मॅट तपासावा. गॅरेजबँडला एयू लागतो, प्रो टूल्सला एएएक्स, विंडोजवरच्या बहुतेक सॉफ्टवेअरना व्हीएसटी3. जुने 32 बिटचे मोफत प्लगइन नव्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा दिसतच नाहीत. फॅबफिल्टरसारख्या कंपन्या 30 दिवस पूर्ण प्लगइन वापरू देतात. मुदत संपण्याआधी तो प्लगइन लावलेल्या ट्रॅकची वेव्ह फाइल काढून ठेवावी.