प्रकाश-ऊष्मा प्रतिरक्षा उपचार

कर्करोगाच्या गाठीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण पोहोचवून ते लेसरने तापवायचे आणि सोबत रोगप्रतिकारक यंत्रणेला मोकळे करणारे औषध द्यायचे, अशी ही जोडउपचार पद्धती. ती अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

अंधारात टॉर्चवर पंजा ठेवला की बोटांच्या कडा लालभडक दिसतात. निळा-हिरवा प्रकाश रक्तात अडतो, लाल आरपार येतो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो. कणांचा आकार नीट साधला, तर सोने नेमका हाच प्रकाश शोषून तापते. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढलेल्या, गळक्या असतात. शिरेतून दिलेल्या कणांपैकी काही तिथे झिरपून साचतात.

पण नुसती गाठ जाळून भागत नाही, कारण पसरलेल्या पेशी लेसरच्या टप्प्याबाहेर असतात. खरे मोल पुढच्या घडामोडीला आहे. उष्णतेने मरणाऱ्या पेशींमधून त्यांची प्रथिने आणि धोक्याचे रासायनिक इशारे बाहेर पडतात. डेंड्रिटिक पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेचे पहारेकरी, ही प्रथिने उचलून लसिकाग्रंथीत (रोगप्रतिकारक पेशींच्या ठाण्यात) नेतात आणि हल्ला करणाऱ्या टी-पेशींना शत्रूची ओळख पटवून देतात. रुग्णाची गाठच जणू त्याची लस होते. म्हणूनच आच बेताची हवी. गाठ करपली तर ओळख पटवणारी प्रथिनेही नासतात.

तरीही कर्कपेशी पीडी-एल१ नावाचे प्रथिन पुढे करून टी-पेशींना थोपवतात. ही अडवणूक मोडणारी प्रतिपिंडे, म्हणजेच सुरुवातीला सांगितलेले औषध, हा उपचाराचा दुसरा पाय. टी-पेशींवरचे असे लगाम सैल करून कर्करोगावर उपचार करता येतो, या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तुआन व्हो-दिन्ह यांच्या गटाने 2017 मध्ये हे दोन्ही उपचार उंदरांवर एकत्र केले. कण चांदणीसारखे, टोकदार. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी टोचून प्रत्येक उंदराच्या दोन्ही बाजूंना गाठी वाढवल्या आणि लेसर एकाच गाठीवर सोडला. जोडउपचारात दुसऱ्या, न तापवलेल्या गाठीवरही परिणाम दिसला. एक उंदीर पूर्ण बरा झाला. पुढे त्याच्या शरीरात तशाच पेशी पुन्हा टोचल्या, तेव्हा त्या रुजल्याच नाहीत. एका उंदराचाच दाखला, पण शरीराने शत्रू लक्षात ठेवल्याची ही खूण फार मोलाची आहे.

माणसांत सोन्याच्या कणांचा ऊष्मा-उपचार एकटा तपासला गेला आहे: प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या 16 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. अडचणी दोन. प्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे आतल्या अवयवांपर्यंत तो प्रकाशवाहक तंतूने न्यावा लागतो. आणि उरलेले सोने यकृत व प्लीहेत दीर्घकाळ राहते.