बीपी कमी आणि हृदयाच्या गोळ्या चालू: घरी काय सांभाळाल?

उन्हाळा लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या औषधांच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो: "आईंचं बीपी ९० वर आलंय, हार्टच्या गोळ्या आज बंद ठेवू का?" डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. पण सरसकट सगळं बंद करू नका, हे आम्ही कळकळीनं सांगतो.

डब्यातली प्रत्येक गोळी बीपी उतरवत नाही. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत; स्टेंट बसवलेला असताना त्या मनानं थांबवल्या तर स्टेंटच बंद पडू शकतो. अटोरव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी असते. बीपी उतरतं ते मेटोप्रोलॉल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन, टॉर्सेमाइड यांनी. त्यातही मेटोप्रोलॉल एकदम बंद केली तर छातीत दुखणं उसळतं, अटॅकही येऊ शकतो. हृदय अशक्त असलेल्या रुग्णाचं बीपी १०० च्या आसपास असूनही त्रास नसेल, तर डॉक्टर गोळ्या मुद्दाम चालू ठेवतात, कारण त्यांनीच आयुष्य वाढतं.

म्हणून आकड्याबरोबर माणसाकडे बघा. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणं, लघवी कमी होणं, गोंधळल्यासारखं बोलणं यांपैकी काही दिसलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पाच मिनिटं बसवून बीपी मोजा, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर तिन्ही नोंदी त्यांना सांगा. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसू द्या. वयस्कांचं पडणं आणि खुबा मोडणं तेव्हाही होतं.

जुलाब, उलट्या, कडक उपास किंवा बडोद्याचं मे महिन्यातलं ऊन यांनी अंगातलं पाणी कमी होतं. अशा वेळी लघवीची गोळी (टॉर्सेमाइड) आणि रामिप्रिल नेहमीप्रमाणे चालू राहिली तर बीपी खाली जातं, किडनीलाही इजा होऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मीठ-पाणी वाढवायचं का, हेही विचारूनच. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांना ते बाधतं.

छातीत दुखल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची तर बसून, आणि वरचा आकडा ९० च्या खाली असेल तर नाहीच. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लैंगिक ताकदीच्या गोळ्या) घेत असाल तर संकोच न करता सांगा: सॉर्बिट्रेटशी त्यांची गाठ जिवावर बेतते. प्रोस्टेटची टॅमसुलोसिनही बीपी उतरवते, आणि ती बहुधा दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली असते.

शुद्ध हरपली, छातीत दुखू लागलं, घाम फुटून अंग गार पडलं तर १०८ ला फोन करा.

सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि पट्ट्या एका पिशवीत घेऊन या. कोणती गोळी कशासाठी ते आम्ही मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देतो. त्याचे पैसे नाहीत.