चॅट्सवर्थची बाग आणि तिथले पुतळे

चॅट्सवर्थ म्हणजे इंग्लंडच्या डर्बीशायर काउंटीतला ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचा वाडा, आणि त्याच्याभोवतीची साधारण १०५ एकरांची बाग. पहिल्या ड्यूकने सतराव्या शतकाच्या शेवटी ती फॉर्मल थाटात करून घेतली. फॉर्मल म्हणजे सगळं दोरी लावून आखलेलं, डावीकडे जे तेच उजवीकडे, झुडपं कापून चौकोनी केलेली, रस्ते सरळ, आणि रस्ता संपतो तिथे पुतळा किंवा कारंजं, नाहीतर नजर थांबणार कुठे. आखणी जॉर्ज लंडन आणि हेन्री वाइज या त्या काळच्या नावाजलेल्या जोडीची.

आज गेलात तर ती दोरी लावून आखलेली बाग फारशी दिसणार नाही. १७६०च्या आसपास चौथ्या ड्यूकने केपेबिलिटी ब्राउन या बागा आखणाऱ्याला बोलावलं, तेव्हा फॅशन बदलून 'नैसर्गिक' बागेची झाली होती, त्याने बरंच काही मोडून हिरवळ पसरली. मला विचाराल तर ही हिरवळही तितकीच मुद्दाम केलेली, फक्त दोरी दिसत नाही एवढंच.

पाणी मात्र टिकलं. ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतज्ज्ञाने १६९६ साली केलेला आणि लगेच वाढवलेला कॅस्केड अजून आहे, टेकडीवरून उतरणाऱ्या २४ रुंद दगडी पायऱ्या आणि त्यांच्यावरून घरंगळणारं पाणी. प्रत्येक पायरी थोडी वेगळी घडवलीय, त्यामुळे पाण्याचा आवाज पायरीगणिक बदलतो. पंप नाही, सगळं वरच्या माळावरच्या तळ्यांतून उताराने येतं. वाड्यासमोरच्या हौदात समुद्री घोड्यांचं कारंजं आहे, ते कायस गॅब्रिएल सिबर या डॅनिश मूर्तिकाराचं.

पुतळ्यांबद्दल एक सांगायला हवं. इटलीतला संगमरवर इंग्लंडच्या थंडीत टिकत नाही, भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं आणि कपचे निघतात, म्हणून बऱ्याच बागांत हिवाळ्यात पुतळ्यांना चक्क कापडी कव्हर घालून ठेवतात. स्वस्त उपाय म्हणजे शिसं. साच्यात ओतायचं आणि दगडासारखा रंग द्यायचा, लांबून कळत नाही. पण शिसं मऊ, आतला लोखंडी सांगाडा गंजला की पुतळा स्वतःच्याच वजनाने हळूहळू वाकतो. डर्बीशायरमधल्याच मेलबर्न हॉल या वाड्याच्या बागेत जॅन व्हॅन नोस्ट या मूर्तिकाराचे असे शिशाचे पुतळे आहेत.

चॅट्सवर्थला दुसरा बहर आला तो सहाव्या ड्यूकच्या काळात, त्याच्या हेड गार्डनर जोसेफ पॅक्सटनमुळे. रशियाचा झार निकोलस पहिला येणार अशी आशा होती म्हणून १८४४ साली एम्परर फाउंटन उभं केलं, त्यासाठी माळावर तळं खोदलं, रात्रीही काम चाललं, आणि फवारा तब्बल २९६ फुटांपर्यंत गेला. झार आलाच नाही. नाव तेवढं राहिलं.

पॅक्सटनचं अवाढव्य काचघर पहिल्या महायुद्धात कोळसा न मिळाल्याने थंड पडलं, आतली झाडं मेली, १९२० साली ते सुरुंग लावून पाडलं. १९६२ मध्ये त्याच जागेवर यू या सदाहरित झाडांचा भूलभुलैया लावला. चॅट्सवर्थच्याच दुसऱ्या एका काचघरात १८३०च्या दशकात पॅक्सटनने केळं पिकवलं होतं, त्याला ड्यूकच्या घराण्याचं नाव पडलं: कॅव्हेंडिश. आपल्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या, म्हणजे रावेर-यावलकडचे शेतकरी टिश्यू कल्चरची रोपं घेताना जे नाव ऐकतात ते या वाड्याच्या मालकांचं आडनाव.

पुतळे अजूनही येतच असतात. वाड्याच्या दक्षिणेला १७०२च्या सुमाराचा लांबलचक आयताकृती तलाव आहे, जुन्या फॉर्मल बागेचा उरलेला तुकडा, त्याच्या टोकाला एलिझाबेथ फ्रिंक या ब्रिटिश शिल्पकर्तीचा ब्रॉन्झचा युद्धाचा घोडा उभा आहे.