लस ज्यांना शिकवू शकत नाही: प्रतिपिंडांच्या उपचाराची पार्श्वभूमी

टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो मैदान बेळगावकरांना फेरफटक्यासाठी माहीत आहे. पण तिथल्या संस्थेत एके काळी देवीची लस तयार होत असे. लस शरीराला जंतूची ओळख करून देते आणि प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, शरीर स्वतः बनवतं. ज्याला ती बनवताच येत नाहीत, त्याने काय करायचं?

दुसऱ्याची तयार प्रतिपिंडं देण्याची वाट १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी दाखवली. खानापूरच्या भातशेतात साप चावल्यावर दिलं जाणारं इंजेक्शन त्याच वाटेवरचं, घोड्याच्या रक्तातून घेतलेल्या प्रतिपिंडांचं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञ एडविन कोन यांनी माणसाच्या रक्तद्रवातून (प्लाझ्मातून) गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं असलेला भाग, वेगळं काढलं.

१९५२ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. चार वर्षांत त्याच्या रक्तात किमान १९ वेळा जंतुसंसर्ग पसरला होता. लस देऊनही प्रतिपिंडं तयार होईनात. तपासलं, तर रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच नव्हतं! दर महिन्याला ते टोचायला सुरुवात झाली आणि ती गंभीर आजारपणं थांबली. मला ही वैद्यकातली फार मोठी घटना वाटते. या दोषाचं जनुक मात्र १९९३ मध्ये सापडलं.

ही प्रतिपिंडं हातउसनी असतात. साधारण तीन आठवड्यांत निम्मी संपतात, म्हणून उपचार जन्मभर चालतो. पूर्वी स्नायूत दुखरी इंजेक्शनं घ्यावी लागत. १९८० च्या दशकापासून पुरेसा डोस शिरेतून देता येऊ लागला. त्यासाठी हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करावा लागतो. तरीही संरक्षण पूर्ण नसतं. औषधात मुख्यतः आयजीजी हा प्रतिपिंडांचा एकच प्रकार असतो, श्वसनमार्गाच्या अस्तराला जपणारं आयजीए जवळजवळ नसतं, त्यामुळे नाक, सायनस आणि फुप्फुसांचे त्रास डोकं वर काढत राहतात. अशा मुलाला तोंडावाटे पोलिओच्या जिवंत विषाणूंचे डोसही द्यायचे नसतात.

आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पहिले काही महिने पुरतात, म्हणून हा दोष असलेलं बाळ सुरुवातीला धडधाकट दिसतं. मग न्यूमोनिया, कान वाहणं, पुन्हा न्यूमोनिया. सीमाभागातल्या घरांत ‘पोराची प्रकृतीच नाजूक’ म्हणून हे वर्षानुवर्षं सोसलं जातं, तेव्हा जीव तुटतो. आयजीजी, आयजीए आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचे प्रकार मोजायला थोडं रक्त पुरतं. दुसऱ्या न्यूमोनियालाच डॉक्टरांना त्याबद्दल विचारावं.