कंट्रोल आणि कमांड: पिचर मोठा कशाने होतो?

वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलच्या, मॅचेस तिकडे रात्री होतात. म्हणजे नागपुरात ऑक्टोबरच्या पहाटे, तर्री-पोह्याचे ठेले लागायच्या सुमारास त्या बघाव्या लागतात. क्रिकेटवर वाढलेला माणूस बेसबॉल बघायला बसला की आधी स्पीड बघतो, मग स्ट्राइक मोजतो, आणि जो जास्त स्ट्राइक टाकतो तोच भारी पिचर (चेंडू टाकणारा, आपल्याकडचा बॉलर) असं ठरवून मोकळा होतो. घोळ होतो तो इथेच. कंट्रोल आणि कमांड या दोन गुणांची सरमिसळ होते, आणि कित्येकदा कॉमेंट्रीवालेही दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

स्ट्राइकची चौकट फलंदाजासमोर हवेत असते. तिची रुंदी होम प्लेटइतकी (फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेली पाटी), म्हणजे 17 इंच, आणि उंची साधारण गुडघ्याच्या वाटीच्या खालपासून छातीच्या मध्यापर्यंत. बॅटला न लागता चौकटीतून गेलेला किंवा बॅट फिरवूनही हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. असे तीन झाले की फलंदाज बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. चेंडू चौकटीबाहेर गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही तर तो ‘बॉल’. असे चार बॉल झाले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, जातो, त्याला वॉक म्हणतात. चेंडू हवा तेव्हा या चौकटीत टाकता येणं म्हणजे कंट्रोल. चौकटीत किंवा तिच्या काठाबाहेर, पण ठरवलेल्या जागीच टाकता येणं म्हणजे कमांड. ऑटोवाल्याने नागपूरच्या बर्डी बाजारात आणून सोडलं तर ते कंट्रोल. तिथल्या मोदी नंबर तीन या गल्लीच्या तोंडाशी सोडलं तर कमांड.

नुसत्या कंट्रोलने काय होतं, ते कार्लोस सिल्वाकडे पाहून कळतं. मिनेसोटा ट्विन्सच्या या पिचरने 2005 च्या सीझनमध्ये 188 इनिंगमध्ये फक्त 9 वॉक दिले (इनिंग म्हणजे समोरच्या टीमचे तीन गडी बाद होईपर्यंतची पाळी, मॅचमध्ये अशा 9). इतका कंट्रोल आधुनिक बेसबॉलमध्ये क्वचितच दिसला असेल. पण त्याच सीझनमध्ये त्याला 212 हिट बसले, म्हणजे तितक्यांदा फलंदाज चेंडू मारून बेसवर पोचले. पुढच्या वर्षी वॉक 32 झाले, म्हणजे तेही कमीच. पण होमरन, म्हणजे आपल्याकडच्या सिक्सरसारखे फटके, बसले 38, आणि दर 9 इनिंगमागे जवळपास 6 रन गेले. चेंडू चौकटीतच येत होता. त्यातला बराचसा फलंदाजाला आवडेल अशा जागी येत होता, इतकंच.

फलंदाजाची बाजूही बघा. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू त्याच्यापर्यंत सुमारे 0.4 सेकंदात येतो. त्यातल्या पहिल्या निम्म्या वेळातच बॅट फिरवायची की नाही हे ठरवावं लागतं, नाहीतर उशीर होतो. मधोमध येणाऱ्या चेंडूला तो माफ करत नाही. पण काठाकडे येणारा चेंडू ठरवायच्या क्षणी स्ट्राइक वाटतो आणि प्लेटजवळ पोचेपर्यंत चार बोटं बाहेर निसटतो. मोठा पिचर या चार बोटांवर जगतो. म्हणून त्याचे काही उत्तम चेंडू स्ट्राइक नसतातच.

टॉम ग्लॅविनचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. कारकिर्दीत 305 विजय आणि 1,500 वॉक. नुसते वॉक मोजणारा त्याला मध्यम म्हणून बाजूला काढेल. पण हा डावखुरा गडी उजव्या फलंदाजाच्या बाहेरच्या काठावर चेंडू टाकत राही, फलंदाज फसला नाही तर आणखी थोडा बाहेर टाकी, आणि मधोमध येण्यापेक्षा वॉक देणं पत्करी. त्याचे कितीतरी वॉक हे कमांडचाच भाग होते, असं माझं मत आहे.

अटलांटा ब्रेव्हजमध्ये त्याच्यासोबत ग्रेग मॅडक्स होता. त्याच्यापाशी दोन्ही गुण होते: 355 विजय, 5,000 हून जास्त इनिंग आणि वॉक 999. वेगात तो कुणाच्या डोळ्यात भरला नसता, तरी 1992 ते 1995 सलग चार वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच. 1997 मध्ये शिकागो कब्जविरुद्ध त्याने अख्खी मॅच 80 पेक्षा कमी चेंडूंत संपवली. 100 पेक्षा कमी चेंडूंत रन न देता पूर्ण मॅच टाकली की तिला आता ‘मॅडक्स’च म्हणतात.

आणि नोलन रायन? 5,714 स्ट्राइकआउट आणि 2,795 वॉक, दोन्ही विक्रम एकाच माणसाच्या नावावर. सात नो-हिटरही, म्हणजे एकही हिट न देता संपवलेल्या मॅचेस. इतका वेग असला की कंट्रोल-कमांडची चर्चा थोडी बाजूला ठेवता येते. पण रायन शतकात एखादाच निघतो, आणि साय यंग त्यालाही कधी मिळाला नाही.

आपल्याकडची लाइन-लेंग्थ कमांडच्या जवळ जाते, पण बॉलरला खेळपट्टीचा आधार असतो. 2015 मध्ये नागपूरच्या जामठा स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेची कसोटी तीन दिवसांत संपली, अश्विनने 98 रनांत 12 विकेट काढल्या, आणि त्या खेळपट्टीला आयसीसीने ‘खराब’ शेरा दिला. अश्विन मोठाच, पण त्या मॅचमध्ये जमीनही त्याच्या बाजूने बॉलिंग करत होती ना भाऊ! पिचरच्या चेंडूला टप्पाच नसतो. जे काही करायचं ते 18.44 मीटरच्या हवेत.

कमांड टीव्हीवर ओळखायची तर पिचरला सोडा, कॅचरचा (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) ग्लोव्ह बघा. आजकालचे कॅचर चेंडू सुटायच्या जरा आधी ग्लोव्ह खाली नेतात, म्हणून त्याच्याही आधी तो कुठे धरला होता ते लक्षात ठेवा. बाहेर मागितलेला चेंडू आत आला, ग्लोव्हला अंगावरून आडवं जावं लागलं, आणि अंपायरने तरी स्ट्राइक दिली, तर कंट्रोलच्या हिशेबात तो बरोबर आणि कमांडच्या हिशेबात चुकलेला.

सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या सरावात पोरांना जाळीवर एक चौकोन आखून देतात आणि आत किती गेले ते मोजतात. सुरुवातीला तेवढं पुरतं. पुढे त्याच चौकोनाचे चार भाग करावेत, कुठल्या भागात टाकणार हे पोराला आधी मोठ्याने सांगायला लावावं, आणि दुसऱ्या भागात गेलेला चेंडू, चौकोनात असला तरी, चुकीतच धरावा.